क्रिप्टोची चावी कोणाच्या हाती? स्वतःचे वॉलेट उघडताना घ्यावयाची काळजी

अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी कोणाकडे किती पैसा आहे हे त्याच्या आधी शेजाऱ्याला कळते, असे गमतीने म्हटले जाते. दुकानात नवे कपाट आले तरी चौकशी सुरू होते. अशा गावात अलीकडे मोबाइल दुरुस्ती करणारे, टेलर, फर्निचरचे कारागीर, आडत दुकानातील मुनीम अशा अनेकांनी थोडेफार बिटकॉइन घेतलेले आढळते. त्यांचा नेहमीचा प्रश्न असा असतो की, "ॲपमध्ये माझ्या नावावर रक्कम दिसते. मग ती माझ्याच ताब्यात आहे ना?"

याचे प्रामाणिक उत्तर असे की, नाही. ती दुसऱ्याच्या ताब्यात आहे आणि तुमच्या नावावर फक्त नोंद आहे.

हा लेख क्रिप्टो घ्या असे सांगण्यासाठी लिहिलेला नाही. २०२२ या एका वर्षात बिटकॉइनचा भाव निम्म्याहून अधिक उतरला होता. ज्याचे भांडवल उधारीवर फिरते त्याने या वाटेला न गेलेलेच बरे. शिवाय हा व्यवहार जायज की नाजायज याबाबत आलिमांमध्ये एकमत नाही. तो मसला प्रत्येकाने आपल्या भरवशाच्या मुफ्तींकडून समजून घ्यावा. येथे विचार आहे तो ज्यांनी घेतले आहे किंवा घ्यायचे ठरवले आहे त्यांच्या सुरक्षिततेचा आणि खासगीपणाचा.

आडत्याकडे ठेवलेला माल

आपल्या भागातील शेतकरी भाव वाढेल या आशेने सोयाबीन आडत्याकडेच ठेवून जातो. हातात पावती असते, माल आडत्याच्या गोदामात असतो. आडत्या सचोटीचा असेल तोवर काही बिघडत नाही. पण गोदामाला आग लागली किंवा आडत्याच अडचणीत आला तर पावती घेऊन रांगेत उभे राहावे लागते. क्रिप्टोच्या बाजारात हे आडत्याचे काम एक्स्चेंज करते.

मुंबईहून चालणाऱ्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची क्रिप्टो चोरीस गेली. त्या खात्यातून रक्कम हलवण्यासाठी एकाहून अधिक जणांच्या सह्या लागत होत्या. तरीही चोरी झालीच. पुढे जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान व दक्षिण कोरिया या देशांनी संयुक्त निवेदनात या चोरीचा ठपका उत्तर कोरियाच्या हॅकरांवर ठेवला. इकडे ग्राहकांना आपली क्रिप्टो बाहेर काढणे बंद झाले. मूळ कंपनी सिंगापूरची असल्याने परतफेडीची योजना तेथील न्यायालयात गेली आणि तिला मंजुरी मिळेपर्यंत ऑक्टोबर २०२५ उजाडला. ज्याला मधल्या सव्वा वर्षात मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी पैसा हवा होता त्याने काय करावे? त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने वझीरएक्सच्याच एका ग्राहकाच्या प्रकरणात क्रिप्टो ही कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता आहे असे म्हटले, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्स या एक्स्चेंजचेही ४ कोटी ४० लाख डॉलर चोरीस गेले. पण ती रक्कम कंपनीच्या स्वतःच्या खात्यातील होती आणि नुकसान कंपनीने सोसले.

एक्स्चेंजवर विश्वास ठेवू नये असे यावरून म्हणणे बरोबर होणार नाही. खरेदी-विक्रीसाठी त्यांच्याकडे जावेच लागते. पण आडत्याकडे माल विक्रीपुरता ठेवावा, वर्षाचा साठा ठेवू नये, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

वॉलेटमध्ये असते काय?

वॉलेट म्हणजे पाकीट, आणि या नावामुळेच गैरसमज होतो. तुमच्या मोबाइलमधील वॉलेटमध्ये एकही नाणे नसते. बिटकॉइनचा हिशेब एका सार्वजनिक वहीत असतो. त्या वहीची एकसारखी प्रत जगभरातील हजारो संगणकांवर ठेवलेली असते. वहीत नावे नसतात, पत्ते असतात. पत्ता म्हणजे अक्षरे व आकडे यांची लांबलचक ओळ. त्या पत्त्यावरील रक्कम हलवायची तर एका गुप्त आकड्याची गरज लागते, त्याला खासगी चावी म्हणतात. वॉलेट ही चावी सांभाळते, एवढेच तिचे काम. चावी एक्स्चेंजकडे असेल तर मालक व्यवहारात एक्स्चेंजच. चावी तुमच्याकडे असेल तर मालक तुम्ही.

मात्र चावी ज्याने पाहिली तोही मालक होऊ शकतो, ही याची दुसरी बाजू. पुण्यात घडलेले प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या गेनबिटकॉइन योजनेत हजारो लोकांचे पैसे बुडाले आणि २०१८ साली पुणे पोलिसांनी सूत्रधारांना अटक केली. आरोपींची वॉलेट उघडण्यासाठी पोलिसांनी बाहेरच्या दोन सायबर तज्ज्ञांची मदत घेतली. चार वर्षांनी, मार्च २०२२ मध्ये, त्याच दोन तज्ज्ञांना पोलिसांनी अटक केली. तपासासाठी दिलेल्या माहितीचा गैरवापर करून त्यातील क्रिप्टो आपल्याकडे वळवली असा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. जेथे पोलीस तपासातही असा प्रकार घडल्याचा आरोप होतो, तेथे "माझा भाचा कॉम्प्युटरमधला हुशार आहे, तोच सगळे करून देतो" या भरवशावर किती विसंबावे, याचा विचार प्रत्येकाने करावा. भाच्याकडून शिकून घ्यावे. चावी तयार होताना मात्र स्क्रीनसमोर आपण एकट्याने बसावे.

वॉलेट उघडताना

फक्त बिटकॉइन ठेवायचे असेल तर मोबाइलसाठी ब्ल्यूवॉलेट, संगणकासाठी इलेक्ट्रम किंवा स्पॅरो ही वापरात असलेली, मोफत मिळणारी वॉलेट आहेत. इथर किंवा डॉलरच्या भावाशी बांधलेले टेदर असेल तर मेटामास्क, ट्रस्ट वॉलेट यांसारखी वॉलेट लागतात. येथे एक बाब ध्यानात ठेवावी. टेदर तुमच्या वॉलेटमध्ये असले तरी ते काढणारी कंपनी एखाद्या पत्त्यावरील टेदर गोठवू शकते आणि तिने तसे अनेकदा केलेही आहे. म्हणजे तेथे चावी आपली असली तरी दाराला आणखी एक कुलूप आहे.

ॲप घेताना सारख्या नावाची बनावट ॲप असतात. म्हणून आधी वॉलेटच्या मूळ संकेतस्थळावर जावे आणि तेथून दिलेल्या मार्गानेच ॲप उतरवावे. कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल कधीही टाकू नये. जुना, कोणाचा तरी वापरलेला, किंवा मुले दिवसभर गेम खेळतात तो मोबाइल या कामी घेऊ नये.

ॲप उघडून नवीन वॉलेट तयार करा असे सांगितले की स्क्रीनवर इंग्रजीतील बारा शब्द येतात, काही वॉलेटमध्ये चोवीस. येथे घाई करू नये. सगळे वॉलेट म्हणजे हे बारा शब्द आहेत. मोबाइल विहिरीत पडला तरी हे शब्द दुसऱ्या मोबाइलमध्ये घातले की रक्कम पुन्हा दिसते. आणि मोबाइल तुमच्या खिशात असतानाही हे शब्द दुसऱ्याने वाचले तर तो दिल्लीत बसून रक्कम काढून नेऊ शकतो. बँकेत जाऊन पासवर्ड बदलून घेता येतो, येथे बदलून देणारा कोणी नाही.

हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून निवडलेले असतात. क्रम बदलला तर कुलूप उघडत नाही. शेवटच्या शब्दात आधीच्या शब्दांचा पडताळाही असतो, त्यामुळे चूक झाल्यास ॲप बहुतेक वेळा सांगते, पण कोणता शब्द चुकला हे सांगत नाही.

आपल्याकडील अनेक कारागिरांना इंग्रजी लिहिण्याची सवय नसते. ते ऐकलेला शब्द मराठीत किंवा उर्दूत लिहून ठेवतात. हे टाळावे. 'राइट' असा उच्चार असलेले दोन शब्द त्या यादीत आहेत, एक उजवा किंवा बरोबर या अर्थाचा आणि एक लिहिणे या अर्थाचा. 'वेअर' या उच्चाराचेही दोन आहेत, एक कोठे आणि दुसरा अंगात घालणे. मराठीत दोन्ही सारखेच दिसतील आणि वर्षभराने कोणता होता हे कोणाला आठवणार? म्हणून शब्द इंग्रजी अक्षरांतच, एकेक अक्षर जुळवून, क्रमांक घालून लिहावेत. अक्षर वळणदार नसले तरी चालेल. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे यादीत दुसऱ्या कोणत्याही शब्दाशी जुळत नाहीत, इतकी सोय यादी करणाऱ्यांनी केली आहे. तेव्हा निदान ती चार अक्षरे स्वच्छ असावीत.

या शब्दांचा फोटो काढू नये. मोबाइलमधील फोटो आपोआप गूगलच्या साठ्यात जातात हे अनेकांना ठाऊकच नसते. झेरॉक्स काढू नये, लॅमिनेशनसाठी दुकानात नेऊ नये, ई-मेलमध्ये लिहू नये, स्वतःलाच व्हॉट्सॲप करू नये. कागद ओलाव्याने, वाळवीने जातो. त्यावर आपल्या कारागिरांना सहज जमेल असा एक उपाय आहे. स्टीलच्या पट्टीवर पंचने किंवा भांड्यांवर नाव टाकायच्या मशीनने ही चार-चार अक्षरे कोरून घ्यावीत. मात्र पट्टी भांड्यावाल्याकडे देऊन कोरून घेऊ नये. मशीन तासभर मागून आणावे आणि आपल्या हाताने कोरावे.

काही जण हुशारी म्हणून सहा शब्द एका ठिकाणी आणि सहा दुसऱ्या ठिकाणी ठेवतात. त्यात एक तुकडा गेला तरी सगळेच गेले, आणि सापडलेल्या तुकड्यामुळे चोराचे काम मात्र हलके झाले. त्यापेक्षा पूर्ण शब्दांच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असलेल्या बऱ्या. वेल्समधील न्यूपोर्ट शहरातील एका संगणक अभियंत्याची ८,००० बिटकॉइनची चावी ज्या हार्ड डिस्कमध्ये होती ती २०१३ साली चुकून कचऱ्यात गेली. डेपो खोदू द्यावा म्हणून तो नगरपालिकेशी वर्षानुवर्षे भांडला. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. त्याची दुसरी प्रत नव्हती.

रक्कम टाकण्याआधी

घर बांधून झाल्यावर पहिल्या पावसाची वाट न पाहता स्लॅबवर पाणी सोडून पाहतात. तसेच येथे करावे. वॉलेट तयार झाल्यावर त्यातील रक्कम स्वीकारण्याचा पत्ता वहीत उतरवावा. नंतर ॲप मोबाइलमधून काढून टाकावे, पुन्हा टाकावे आणि लिहून ठेवलेले बारा शब्द घालून वॉलेट परत आणावे. तोच पत्ता दिसला तर आपण लिहिलेले बरोबर आहे. वॉलेट रिकामे असतानाच हे करावे, म्हणजे चूक फुकट पडते. निम्मे लोक ही पायरी गाळतात, असा आमचा अनुभव आहे.

यानंतर एक्स्चेंजवरून अगदी लहान रक्कम आपल्या पत्त्यावर पाठवून पाहावी. बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात, त्यातील एका भागाला सातोशी म्हणतात. तेव्हा पूर्ण बिटकॉइन असण्याची गरज नाही. वहीत नव्या नोंदींचे पान सरासरी दहा मिनिटांनी चढते, म्हणून थोडा वेळ वाट पाहावी. पाठवणावळ लागते आणि गर्दीप्रमाणे ती कमी-जास्त होते. पत्ता हाताने लिहून घालू नये, कॉपी करावा. पण चिकटवल्यावर पहिली व शेवटची सहा-सात अक्षरे ताडून पाहावीत, कारण कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात. टेदरच्या बाबतीत दोन्हीकडे एकच नेटवर्क निवडले आहे याची खात्री करावी. पाठवलेली रक्कम चुकीच्या जागी गेली तर परत आणणारे कोणी नाही.

काही भारतीय कंपन्यांकडे क्रिप्टो घेता येते पण स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून नेण्याची सोय नसते किंवा तीवर अटी असतात. खाते उघडण्याआधीच हे विचारून घ्यावे.

रक्कम मोठी असेल तर चावी मोबाइलमध्ये न ठेवता त्यासाठीच्या वेगळ्या छोट्या यंत्रात ठेवतात. लेजर, ट्रेझर ही त्यातील जुनी नावे. यंत्र सेकंडहँड घेऊ नये आणि बारा शब्द आधीच छापून आलेले यंत्र तर तत्काळ बाजूला ठेवावे. २०२० मध्ये लेजर कंपनीच्या सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावे, घरचे पत्ते व फोन नंबर उघड झाले. चाव्या शाबूत होत्या, पण कोणाच्या घरी असे यंत्र आहे हे चोरांना कळले. काहींना तर पुढे टपालाने बनावट यंत्रेही आली.

खासगीपणा किती आणि कोणापासून?

अनेकांची समजूत असते की क्रिप्टोचा व्यवहार गुप्त असतो. प्रत्यक्षात ती वही सर्वांना खुली आहे. दुकानाच्या गल्ल्यावर आपण यूपीआयचा क्यूआर कोड चिकटवतो. त्यावरून ग्राहकाला आपली शिल्लक दिसत नाही. पण तसाच एकच बिटकॉइनचा पत्ता गल्ल्यावर चिकटवला तर येणारा प्रत्येक ग्राहक त्या पत्त्यावर आजवर किती आले, किती गेले आणि किती उरले हे चहा पिता पिता पाहू शकेल. म्हणून प्रत्येक वेळी रक्कम घेताना नवा पत्ता द्यावा. चांगली वॉलेट आपणहून नवा पत्ता दाखवतात, जुनेही चालू राहतात, आणि सगळ्यांची चावी त्याच बारा शब्दांत असते. मात्र मोठी रक्कम पाठवताना वॉलेट अनेक पत्त्यांवरील नाणी एकत्र करते आणि ते पत्ते एकाच माणसाचे आहेत हे पाहणाऱ्याला कळते. शक्य असेल तेथे कोणत्या पत्त्यावरील नाणी खर्च करायची हे स्वतः निवडावे.

शेजारी, ग्राहक, भागीदार, दुकानातील नोकर यांच्यापासून हिशेब खासगी ठेवणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. आयकर खात्यापासून लपवणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती जमणारही नाही. एक्स्चेंजवर खाते पॅन कार्डाने उघडते, आणि तुम्ही कोणत्या पत्त्यावर रक्कम काढली याची नोंद तेथे राहते. मार्च २०२३ पासून क्रिप्टोचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांना मनी लाँडरिंगविरोधी कायदाही लागू झाला. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर व त्यावर उपकर बसला, तोटा मात्र दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापणे सुरू झाले. आपल्याच एका वॉलेटमधून दुसऱ्यात रक्कम हलवणे ही विक्री नव्हे. पण क्रिप्टो देऊन माल घेतला तर ते हस्तांतर ठरते. म्हणून खरेदीची तारीख, भाव आणि कोणत्या वॉलेटमध्ये हलवले हे साध्या वहीत लिहावे आणि विवरणपत्र भरताना सीएला दाखवावे. बारा शब्द मात्र सीएलाही दाखवू नयेत, त्याला त्यांची गरजच नसते.

विकताना सर्वांत मोठा धोका अनोळखी माणसाचा. "एक्स्चेंज कशाला, मी दोन रुपये जास्त देतो, सरळ खात्यावर टाकतो" असे सांगणारे भेटतात. त्यांनी पाठवलेला पैसा कोठल्या तरी फसवणुकीतला निघाला तर दूरच्या एखाद्या राज्यातील सायबर पोलिसांच्या पत्रावरून तुमचे खाते गोठते. व्यापाऱ्याचे चालू खाते गोठले की चेक परत जातात, आडत्याचे देणे थांबते आणि बाजारातली पत जाते. परदेशातील नातेवाइकांचा पैसा अशा मार्गाने आणून देतो म्हणणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवावे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

वारसांना कळावे कसे?

इतका खासगीपणा पाळला की एक नवी अडचण उभी राहते. माणूस अचानक गेला तर घरात कोणाला ठाऊकच नसते. बँकेतील ठेव वारस शोधून काढतात, बँक कागदपत्रे मागून ती देतेही. येथे मागायचे कोणाकडे? मयताचे कर्ज फेडून उरलेल्या मालमत्तेची वाटणी व्हायची तर ती आधी सापडली पाहिजे.

यासाठी दोन वेगळे कागद करावेत. एकावर फक्त बारा शब्द, बाकी काहीही नाही. दुसऱ्यावर कोणते वॉलेट वापरले, शब्द किती आहेत, कोणती नाणी आहेत आणि सल्ला कोणाचा घ्यावा एवढे मराठीत सविस्तर लिहावे. वॉलेटचे नाव लिहिणे महत्त्वाचे, कारण इलेक्ट्रमने दिलेले शब्द इतर वॉलेटमध्ये साधारणपणे चालत नाहीत. शब्दांशिवाय आपण आणखी एखादा गुप्त शब्द जोडला असेल तर तसे आहे हेही नमूद करावे, नाहीतर बारा शब्द बरोबर असूनही वारसांना वॉलेट रिकामे दिसेल. हा दुसरा कागद पत्नीकडे किंवा थोरल्या मुलाकडे, घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा. शब्दांचा कागद किंवा पट्टी कोठे आहे हे त्यावर लिहू नये. ते घरातील दोन भरवशाच्या माणसांना तोंडी सांगावे आणि जागा बदलली की त्यांना पुन्हा सांगावे.